खडकाची माती होताना

३४३ कोटी वर्षांपूर्वी : पिलबारा, पश्चिम ऑस्ट्रेलिया

तोंडावरचा मुखवटा काढू नका. पाठीवरच्या नळकांड्यात जेवढा ऑक्सिजन आहे तेवढ्यावरच तुम्हाला इथे जगायचे आहे. बाहेरच्या हवेत नायट्रोजन आहे, कार्बन डायऑक्साइड आहे, थोडा मिथेन आहे. ऑक्सिजन जवळजवळ नाहीच.

तुम्ही एका उथळ समुद्राच्या काठावर उभे आहात. सूर्य आजच्यापेक्षा जवळपास पाव हिश्शाने मंद आहे, तरीही उघड्या अंगाने उन्हात थांबू नका. वर ओझोनचा थर नसल्यामुळे अतिनील किरण थेट खाली उतरतात. दिवस आजच्यापेक्षा लहान आहे. चंद्र जवळ असल्यामुळे रात्री तो आकाशात मोठा दिसेल.

आता जमिनीकडे वळून पाहा. नजर पोहोचेल तिथवर उघडाबोडका खडक आहे. गवताचे एक पाते नाही, झाड नाही, किडामुंगी नाही. सर आली की पाणी खडकावरून तसेच समुद्रात धावते, कारण ते मुरवून घेणारे इथे काहीच नाही. खाली वाकून ओंजळ भरून घ्या. हाताला लागते ती खडकाची चुरी आणि रेती. मूठ आवळून सोडलीत तर तिचे ढेकूळ होत नाही. मुखवटा नसता तरी तुम्हाला तिचा वास आला नसता. शेतात आपण जिच्यात बी टाकतो, ती माती पृथ्वीवर अजून व्हायची आहे.

ती कुणी केली, हे पाहण्यासाठीच तुम्ही आला आहात. मग पाण्यात उतरा.

गुडघाभर पाण्यात तळ सपाट नाही. कुठे लहान लहान शंकू उभे आहेत, कुठे अंड्यांच्या ट्रेसारखे ओळीने खळगे आणि उंचवटे आहेत. हात लावून पाहा, वरचा पापुद्रा बुळबुळीत लागेल. तो जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य जीवांनी एकमेकांना चिकटून तो विणला आहे. पाण्यातले बारीक कण त्याच्यावर अडकतात, खनिजे साचतात, खालचे जीव गाडले जातात आणि वरचे उजेडाकडे सरकून नवा पापुद्रा धरतात. असे थरावर थर चढत जाऊन शेवटी त्यांचा दगड होतो. या दगडांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पिलबारातल्या स्ट्रेली पूल इथल्या खडकांत हे शंकू आणि हे खळगे आजही ओळखू येतात. ॲबिगेल ऑलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तिथल्या सात प्रकारच्या रचनांचे वर्णन प्रसिद्ध केले.

ऑस्ट्रेलियाच्याच शार्क बे इथे आजही जिवंत स्ट्रोमॅटोलाइट वाढतात. त्यांचा उभा छेद घेतला की वरच्या थरात उजेडावर जगणारे जीव दिसतात, त्यांनी टाकलेल्या पदार्थांवर जगणारे त्यांच्या खाली आणि त्यांनी सोडलेले वायू वापरणारे आणखी खाली. एकाने टाकलेले दुसऱ्याने उचलायचे, हा व्यवहार तुमच्या पायाखालच्या या जुन्या पापुद्र्यातही चालू असावा. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तो तुम्हाला भेटेल.

निघण्यापूर्वी नायट्रोजनचेही पाहून घ्या. हवेत तो भरपूर आहे आणि प्रथिनांसाठी तो प्रत्येक जीवाला लागतो. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती जोडी तोडणे फार थोड्यांना साधते. काही सूक्ष्मजीवांनी ते काम करणारे एक विकर घडवले, नायट्रोजनेज. ३२० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही त्याच्या कामाच्या रासायनिक खुणा सापडल्या आहेत. हे विकर ऑक्सिजन नसलेल्या जगात जन्मले आणि ऑक्सिजन लागला की ते निकामी होते. त्याचा हा नाजूकपणा ध्यानात ठेवा. शेवटच्या मुक्कामावर तो तुम्हाला एका रंगाचे कारण सांगेल.

२४० कोटी वर्षांपूर्वी : बदलती हवा

इथे फार वेळ थांबायचे नाही, पण पृथ्वीवरची एक फार मोठी उलथापालथ चुकवूही नका.

समुद्रात आता सायनोबॅक्टेरिया आहेत. भातखाचरात तरंगणारे निळे-हिरवे शेवाळ आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असते, तेच यांचे कुळ. सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचा रेणू फोडायचा आणि त्यातला ऑक्सिजन सोडून द्यायचा, ही किमया त्यांना साधली आहे. सुरुवातीला तो ऑक्सिजन हवेपर्यंत पोहोचलाच नाही. जुन्या समुद्रांत विरघळलेले लोखंड त्याने गंजवले आणि तो गंज तळाशी थरांनी बसत गेला. जगातल्या प्रचंड लोहसाठ्यांपैकी पुष्कळसे साठे अशा पट्टेदार खडकांतले आहेत. गोव्यातल्या खाणींतून निघालेले लोहखनिजही याच जातीच्या, याहून जुन्या खडकांपासून झालेले आहे.

मग ऑक्सिजन हवेत साचू लागला. ज्यांनी तो कधी अनुभवला नव्हता अशा असंख्य जीवांसाठी ते विष होते. जे तगले त्यांनी हवा न पोहोचणाऱ्या जागा धरल्या. पाणथळीच्या चिखलात, भातखाचराच्या गाळात, गाईच्या पोटात त्यांचे वंशज आजही राहतात आणि मिथेन सोडतात. गोबरगॅसच्या टाकीत शेणापासून ज्वाळा मिळवून देणारे तेच.

नायट्रोजनेज बाळगणाऱ्यांनाही मार्ग शोधावा लागला. काही सायनोबॅक्टेरिया दिवसा प्रकाशावर काम करतात आणि नायट्रोजन रात्री बांधतात. काहींनी त्यासाठी जाड भिंतीच्या वेगळ्या पेशी राखल्या, जिथे ऑक्सिजनला मज्जाव असतो. हवा बदलली, पण विकर तेच राहिले. त्याला सांभाळण्याच्या तऱ्हा तेवढ्या वाढत गेल्या.

४०.७ कोटी वर्षांपूर्वी : रायनी, स्कॉटलंड

आता मुखवटा काढा.

आजूबाजूला गरम पाण्याचे झरे आहेत. वाफ उठते आहे आणि सिलिका विरघळलेले पाणी हळूहळू पसरत थंड होत आहे. त्याच्या काठाने हिरवी झुडपे उभी आहेत, पण ती वीतभरच उंच आहेत. एक उपटून पाहा. पान नाही. मूळही नाही. जमिनीलगत आडवी सरपटणारी देठे आणि त्यांना आलेली बारीक लव, एवढेच. खडकातून अन्नपाणी काढायला मूळ नसलेली ही वनस्पती जगते कशी?

तिचा देठ आडवा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पेशींच्या आत बुरशीचे धागे शिरलेले आहेत आणि तिथे त्यांना झाडाला फुटाव्यात तशा बारीक फांद्या फुटल्या आहेत. त्या वनस्पतीला मारत नाहीत. हेच धागे देठाबाहेर पडून खडकाच्या भेगांत, चुरीच्या कणांमध्ये दूरवर जातात, तिथला फॉस्फरस आणि पाणी आणून देतात आणि बदल्यात वनस्पतीने उन्हात केलेली साखर घेतात. मुळे यायच्या आधी वनस्पतींना बुरशी मिळाली होती. आजही जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी हा करार चालू आहे. शेतीच्या दुकानात मायकोरायझा नावाने जे मिळते, त्यातली बुरशी याच कुळातली.

आता झुडपांच्या बुंध्याशी बसा आणि बोटाने उकरा. वरचा थर काळसर आहे. मेलेली देठे त्यात पडली आहेत, बुरशी आणि जिवाणू ती कुजवत आहेत. त्यांनी सोडलेली आम्ले खडक झिजवून खनिजे मोकळी करतात. त्यांचे धागे आणि चिकट स्राव सुटे कण एकत्र बांधतात. त्या कणांमधल्या पोकळीत पाणी थांबते. काहीतरी टुणकन उडाले ना? तो स्प्रिंगटेल, शेपटीखालच्या काट्याने उडी मारणारा इवलासा जीव. तो कुजणाऱ्या पदार्थांवर आणि बुरशीवर चरतो. चुरी मूठभर उचला आणि आवळा. या वेळी तिचे ढेकूळ होते.

झऱ्याचे पाणी चढले की सिलिका या सगळ्यांच्या पेशीपेशीत शिरते आणि जागच्या जागी त्यांचा दगड करते. १९१२ मध्ये विल्यम मॅकी या डॉक्टरांच्या नजरेला रायनी गावाच्या परिसरात हा दगड पडला. त्याचे पातळ काप घासून पाहिल्यावर देठ, त्याच्या पेशी आणि पेशींतली बुरशी अजून स्पष्ट दिसत होती.

१६७४ : डेल्फ्ट, नेदरलँड्स

कोट्यवधी वर्षे ओलांडून तुम्ही एका कापडविक्याच्या घरी येता. ॲन्टनी व्हान लेवेनहूक यांना कापडाचा पोत तपासायला भिंगांची सवय आहे. ते स्वतः घासलेले एक भिंग तुमच्या हातात देतात. दोन पत्र्यांच्या मध्ये बसवलेला तो काचेचा मणी आहे. डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे तोंड करा.

पाण्याचा थेंब जवळच्या बर्केल्से मेर तलावातला आहे. उन्हाळ्यात हे पाणी गढूळ होते आणि त्यावर हिरवे ढग तरंगतात. दव पडल्यामुळे असे होते, असे तिथल्या गावकऱ्यांचे म्हणणे. लेवेनहूक यांनी ते पाणी घरी आणून पाहायचे ठरवले. थेंबात हिरवे धागे आहेत, त्यांच्यात पीळ घातल्यासारख्या पट्ट्या आहेत आणि मधूनच इवले जीव वर, खाली, गोल फिरत आहेत.

दोन वर्षांनी मिरी तिखट का लागते हे शोधताना त्यांनी मिरे पाण्यात भिजत ठेवले आणि त्या पाण्यात याहूनही लहान जीव पाहिले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्राने त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. विश्वास बसणे अवघड होते. १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूक यांनी तेच जीव सोसायटीच्या सभासदांना दाखवले.

तीन अब्जांहून अधिक वर्षे पृथ्वी चालवणाऱ्यांना माणसाने पहिल्यांदा पाहिले ते असे. ते काय करतात हे समजायला मात्र आणखी दोनशे वर्षे जायची होती.

१८८६ : बर्नबुर्ग, जर्मनी

कृषी संशोधन केंद्राच्या काचगृहात ओळीने कुंड्या मांडल्या आहेत. त्यांत माती नाही, धुऊन स्वच्छ केलेली गारगोटीची वाळू आहे. पोटॅश, फॉस्फरस, कॅल्शियम मोजून दिले आहे. नत्र, म्हणजे नायट्रोजन, मात्र काही कुंड्यांना मोजून दिलेले आहे आणि काहींना मुळीच नाही.

ओटच्या कुंड्यांपासून सुरुवात करा. ज्याला जेवढे नत्र, त्याची वाढ तेवढी. नत्र नसलेला ओट पिवळा पडून खुरटला आहे. हिशेब सरळ जुळतो. आता वाटाण्याकडे या. इथे हिशेबच बसत नाही. दोन कुंड्यांना नत्र दिलेले नाही. एकीत रोप उपाशी मरते आहे आणि शेजारचीत ते गर्द हिरवे, शेंगांनी लगडलेले आहे. खत तेच, पाणी तेच, वाळू तीच.

हर्मन हेल्रीगेल आणि हर्मन विल्फार्ट यांनी याचा छडा लावायचे ठरवले. वाळू तापवून तिच्यातले सगळे जीव मारले आणि बाहेरचे काही पडू नये म्हणून कुंड्या जपल्या. आता सगळेच वाटाणे उपाशी राहिले. मग काही कुंड्यांत शेतातल्या मातीचे थोडे धुवण ओतले. त्या कुंड्यांपुढे थांबा. पिवळी पडलेली रोपे पुन्हा हिरवी होत आहेत. एक उपटून पाहा, मुळांवर गाठी आल्या आहेत. ओटला तेच धुवण दिले, पण त्याच्या मुळांवर गाठ नाही आणि त्याची उपासमारही संपली नाही.

म्हणजे हवेतले नत्र वाटाण्याला मिळवून देणारे कुणीतरी त्या मातीत होते आणि ते गाठींत राहत होते. दोघांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत हे जाहीर केले. दोन वर्षांनी डेल्फ्ट इथे मार्टिनस बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. पुढे त्याला रायझोबियम हे नाव मिळाले. डाळीच्या पिकामागून घेतलेले धान्य जोमाने येते, द्विदलाचा बेवड चांगला असतो, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. त्याचे कारण त्या वाळूच्या कुंड्यांतून बाहेर आले.

१८९० : झ्युरिक, स्वित्झर्लंड

सर्गेई विनोग्राद्स्की यांच्या प्रयोगशाळेत त्या काळच्या नेहमीच्या वस्तू दिसणार नाहीत. रोगजंतू शोधणारे वैज्ञानिक मांसाचा अर्क घातलेल्या जिलेटिनवर जिवाणू वाढवतात. विनोग्राद्स्की ज्यांना शोधत आहेत ते अशा श्रीमंत अन्नावर वाढतच नाहीत. म्हणून इथल्या बाटल्यांत पाणी, क्षार आणि अमोनिया एवढेच आहे. पुढे त्यांनी सिलिकाची जेली वापरली. साखर नाही, प्रथिन नाही. तरी मातीची चिमूट टाकलेल्या बाटलीत अमोनिया नाहीसा होतो.

याआधी स्ट्रासबुर्गमध्ये त्यांनी गंधकाच्या संयुगावर जगणारे जिवाणू पाहिले होते. इथे त्यांना अमोनियावर जगणारे मिळाले. अन्नासाठी ना उजेड, ना दुसऱ्याचे शरीर. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. बहुतेक पिके सहज उचलतात ते नायट्रेट. शेणखत टाकले किंवा युरिया टाकला, तरी तुमच्या शेतात हे काम करणारे याच घराण्यांतले.

या साखळीचा शेवटचा दुवाही ऐकून घ्या. शेतात पाणी साचले, मातीतली हवा संपली की दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा पुन्हा वायू करून हवेत सोडतात. दिलेले खत उडून जाते ते असे. पाणी साचलेल्या शेतात पीक पिवळे पडते, त्यामागे गुदमरलेल्या मुळांबरोबर हेही एक कारण असते.

१९३० च्या सुमारास : इंदूर, होळकरांचे संस्थान

जर्मनीतल्या ओपाउ इथे १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना सुरू झाला. प्रचंड दाब, शेकडो अंश तापमान आणि लोखंडाचे उत्प्रेरक वापरून माणूस आता तेच करतो आहे, जे जिवाणू साध्या मातीच्या उबेत करत आले आहेत. या अमोनियापासून केलेल्या खताने पुढे जगाची पोटे भरली, हे खरेच आहे. पण खताच्या पोत्यात नत्र असते, माती नसते. ती कशी राखायची, याचे काम इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री या संस्थेच्या शेतावर चालले आहे.

सकाळी लवकर या. वाटेवर कपाशीच्या पऱ्हाट्या पसरलेल्या दिसतील. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या मोडाव्यात म्हणून मुद्दाम टाकल्या आहेत; अखंड पऱ्हाटी कुजायला फार काळ घेते. मोडलेला काडीकचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरतात. तिथे तो शेणामुताने भिजतो. मग उथळ, रुंद खड्ड्यात त्याचे थर पडतात. मूत मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख शेणकाल्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपडतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खड्ड्यात हात घालायचा प्रयत्न करा. हात आत ठेववत नाही. तापमान ६५ अंश सेल्सियसच्या आसपास चढते. ही ऊब सूक्ष्मजीवांच्या श्वासाची आहे. तणाचे बी तिच्यात मरून जाते. काही दिवसांत ढिगावर बुरशीची पांढरी झाक येते. मजूर पाणी मारतात, ढीग चाळवतात, हवा आत जाऊ देतात. तीन महिन्यांत तीनदा चाळवून झाले की काडी ओळखू येत नाही. हातात येते ते काळे, भुसभुशीत, घाण न येणारे खत.

या पद्धतीचे शास्त्र अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या पुस्तकात मांडले आणि इंदूर पद्धत या नावाने ती जगभर गेली. तिचे मर्म कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणात आहे. काडीकचऱ्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे असते. नुसती काडी मातीत गाडली, तर ती कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. शेणामुतातून ते नत्र आधीच पुरवले आणि कुजण्याचे काम खड्ड्यातच उरकले, तर शेतात जाते ते तयार अन्न. विनोग्राद्स्कींनी बाटलीत पाहिलेले व्यवहार इथे खोरे-टोपलीच्या हाती आले.

आज : मराठवाड्यातले एक शेत, ऑगस्टची सकाळ

कालपरवा पाऊस झाला. आज उघडीप आहे आणि रानाला वाफसा आला आहे. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे. सूक्ष्मजीवांना कामाला याहून बरी वेळ मिळत नाही. मूठभर माती उचलून नाकाशी धरा. तो ओलसर वास स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या वासाने स्प्रिंगटेल ओढले जातात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू दूर नेतात. रायनीच्या झऱ्याकाठी टुणकन उडालेल्या जीवाचे हे नातलग अजून कामावर आहेत.

ही माती काळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून पसरलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून ती झाली. ऊन, पाऊस आणि रसायनांनी तो फोडला. सूक्ष्मजीवांनी आणि मुळांनी त्यात प्राण भरला. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात.

तुरीचे एक रोप हलक्या हाताने, मातीच्या ढेकळासकट खणून काढा. ओढू नका, गाठी तुटून आतच राहतात. पाण्यात मुळे धुवा. बारीक गोल गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग आहे.

पिलबारात ध्यानात ठेवायला सांगितले होते ते इथे उपयोगी पडते. गाठीतल्या रायझोबियमकडे तेच जुने नायट्रोजनेज आहे, ऑक्सिजनने निकामी होणारे. पण जिवाणूला श्वासासाठी ऑक्सिजन तर हवाच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार होते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि मोजूनमापून सोडते. ऑक्सिजन नसलेल्या पृथ्वीचा एक कण तुरीने आपल्या मुळाशी सांभाळून ठेवला आहे आणि गुलाबी रंग ही त्याची खूण आहे. गाठ आतून पांढरट किंवा हिरवट निघाली, तर तिथे नत्र बांधले जात नाही असे समजा.

हा प्रवास पाहिल्यावर मातीला निर्जीव समजून वागणे कुणालाही जमू नये. तरीही दर वर्षी ऊसतोडीनंतर पाचट पेटते, काढणीनंतर धसकटे आणि काडीकचरा पेटतो. बांधावर उभ्या माणसाला रान स्वच्छ झाल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात सूक्ष्मजीवांचे वर्षभराचे अन्न धूर होऊन गेलेले असते आणि माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा खाली येत जातो. मग तेवढ्याच उत्पन्नासाठी खताची पोती वाढवावी लागतात.

करायचे ते कठीण नाही. पाचट सरीत पसरून कुजवा आणि त्याला शेणकाला किंवा थोडे नत्र द्या, म्हणजे पीक पिवळे पडणार नाही. कडधान्य पेरताना १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम त्या पिकासाठीच्या रायझोबियमची बीजप्रक्रिया करा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावा, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवा. उन्हात जिवाणू मरतात. पिकांच्या फेरपालटीत एक द्विदल असू द्या. रानात पाणी साचू देऊ नका. शहरात राहत असाल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका. कुंडीत, सोसायटीच्या खड्ड्यात त्याचे खत होऊ द्या.

आणि या हंगामात निदान एवढे करा. काडेपेटी हातात घेण्यापूर्वी शेतातले कडधान्याचे एक रोप खणून त्याची गाठ फोडून पाहा, आणि पाचट पेटवू नका.